भर चौकात वैद्यकाचा ग्रंथ जाळणाऱ्या या डॉक्टरने खाणीतल्या धुरातलं विष ओळखलं होतं

२४ जून १५२७. स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर.

सेंट जॉनचा सण होता. आपल्याकडे होळी पेटते तशी त्या दिवशी युरोपात ठिकठिकाणी मोठी आग पेटवायची पद्धत. बाझलमध्येही आग पेटली होती. तेवढ्यात शहराने नुकताच नेमलेला एक डॉक्टर पुढे आला आणि हातातला जाडजूड ग्रंथ त्याने थेट आगीत टाकला.

हा ग्रंथ इब्न सिनाचा होता, असं मानलं जातं. तेव्हा युरोपातली सगळी डॉक्टरकी इब्न सिनाच्या पाचशे वर्षं जुन्या ग्रंथावर आणि त्याच्याही आधीच्या गॅलेनवर चालायची. पेशंट समोर विव्हळत असला तरी ग्रंथात काय लिहिलंय ते आधी बघायचं, असा एकूण कारभार. त्यामुळे भर चौकात तो जाळणं म्हणजे शहरातल्या सगळ्या डॉक्टरांच्या एकदम मुस्काटात मारण्यासारखं होतं.

या डॉक्टरचं नाव पॅरासेल्सस. हॅरी पॉटर वाचलं असेल तर चॉकलेट फ्रॉगच्या कार्डांमध्ये हे नाव तुम्ही पाहिलंही असेल.

आता पुस्तक जाळणाऱ्याचं कौतुक कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्या कृत्याचं कौतुक नाहीच. पण आज बोअरच्या पाण्यातलं आर्सेनिक, सिगरेटमधलं कॅडमियम, हळदीत भेसळ केलेलं शिसं यावरून आपण जी चर्चा करतो, तिच्या मुळाशी गेलं की हा भांडखोर माणूस भेटतो. कुठला धातू, किती, कुठल्या वाटेने आणि किती दिवस शरीरात जातो, हे प्रश्न त्याने विचारले तेव्हा बाकीचे डॉक्टर लघवीचा रंग बघून निदान करत होते.

त्याचं खरं नाव थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम. जन्म १४९३ च्या सुमाराचा, स्वित्झर्लंडमधल्या आइन्सीडेल्न गावचा. वडील विल्हेल्म डॉक्टर होते. त्यांचं घराणं जर्मन सरदारांचं, पण ते अनौरस शाखेतले, त्यामुळे नाव मोठं आणि खिसा रिकामा. आई तिथल्या मठाच्या वेठीला बांधलेल्या कुटुंबातली. ती लवकर गेली. घराण्याच्या नावात बोम्बास्ट असा शब्द होता. इंग्रजीतला बॉम्बॅस्टिक हा शब्द त्यावरूनच आला, असं सोशल मीडियावर बिनधास्त सांगितलं जातं. ते खरं नाही. तो शब्द कपड्यात भरायच्या कापसावरून आला. माणूस मात्र शब्दाला साजेसा होता. पुढे त्याने स्वतःला पॅरासेल्सस म्हणवून घेतलं. सेल्सस हा रोमन काळातला वैद्यकावर लिहिणारा मोठा लेखक, आणि आपण त्याच्याही पुढचे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

१५०२ मध्ये वडील त्याला घेऊन आजच्या ऑस्ट्रियातल्या फिलाख गावी आले आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. कारण फिलाखचा सगळा परिसर खाणींचा. जवळच ब्लायबर्ग. नावाचा अर्थच शिशाचा डोंगर. वडिलांचे पेशंट खाणकामगार आणि भट्टीवाले. पोरगा वडिलांसोबत फिरायचा, भट्टीत खनिज वितळताना बघायचा. थोडा मोठा झाल्यावर तिरोलमधल्या श्वात्सच्या चांदीच्या खाणींमध्येही त्याने काम केलं.

ज्या वयात इतर होतकरू डॉक्टर लॅटिन श्लोक घोकत होते, त्या वयात हा खोकणारी, दात पडलेली, हात थरथरणारी माणसं जवळून बघत होता.

इटलीतल्या फेरारा विद्यापीठातून आपण डॉक्टर झालो, असं तो सांगायचा. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याची नोंद सापडलेली नाही. विरोधकांनी यावरून त्याला आयुष्यभर छळलं. मग कित्येक वर्षं तो नुसता फिरत राहिला. सैन्यात जखमी सैनिकांवर उपचार केले. न्हावी, सुईणी, भटके, खाटीक, जो काही शिकवेल त्याच्याकडून शिकला. त्या काळी चिरफाड करणं हे डॉक्टरच्या शानीला शोभत नसे, ते काम न्ह्याव्याचं. हा न्हाव्यांच्याच शेजारी बसायचा. १५२५ मध्ये साल्झबर्गला शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा याच्यावरही संशय आला आणि तिथून त्याला काढता पाय घ्यावा लागला.

नशीब फिरलं ते बाझलमध्ये. योहान फ्रोबेन हा युरोपातला नावाजलेला मुद्रक. त्याचा पाय इतका दुखत होता की डॉक्टर तो कापायची भाषा करत होते. पॅरासेल्ससने पाय न कापता त्याला बरं केलं. फ्रोबेनचा जिगरी दोस्त म्हणजे इरॅस्मस, त्या काळातला सगळ्यात मोठा विद्वान. त्यानेही पत्रातून या डॉक्टरचा सल्ला घेतला. एवढी मोठी माणसं पाठीशी असल्यावर १५२७ मध्ये पॅरासेल्सस शहराचा डॉक्टर झाला. त्यासोबत विद्यापीठात शिकवायचा हक्कही मिळाला.

आणि त्याने काय केलं, तर लेक्चर चक्क जर्मनमध्ये घेतली. लॅटिनमध्ये नाही. दारं न्हाव्यांनाही उघडी. गावातल्या औषधवाल्यांची दुकानं तपासा, हे डॉक्टरांशी संगनमत करून लोकांना लुटतात, असंही त्याने वर सांगितलं. मग जूनमध्ये ती आग. म्हणजे डॉक्टर, प्राध्यापक आणि औषधवाले, तिघांशीही पंगा, तोही काही महिन्यांत.

ऑक्टोबरमध्ये फ्रोबेन वारला आणि याची ढाल गेली. त्यानंतर चर्चच्या एका बड्या अधिकाऱ्याने पोटदुखी बरी करण्यासाठी १०० गुल्डेन कबूल केले, आणि बरा झाल्यावर टेकवले फक्त ६. पॅरासेल्सस कोर्टात गेला. कोर्टाने निकाल विरुद्ध दिला. यावर त्याने न्यायाधीशांना असं काही सुनावलं की अटकेची वेळ आली. १५२८ च्या सुरुवातीला तो बाझल सोडून पळाला. जेमतेम वर्षभराची नोकरी, आणि ही त्याच्या आयुष्यातली शेवटची मोठी नोकरी ठरली.

पुढचा राडा न्यूरेंबर्गमध्ये झाला. तेव्हा युरोपात सिफिलिसने थैमान घातलं होतं. उपचार दोन. एक म्हणजे अमेरिकेतून आणलेल्या ग्वायकम लाकडाचा काढा. हा व्यापार जोरात होता आणि त्यात फुगर या अतिश्रीमंत सावकार घराण्याचं नाव घेतलं जातं. दुसरा उपचार पारा. पेशंटला पाऱ्याचा लेप फासायचा किंवा बंद जागेत बसवून पाऱ्याची धुरी द्यायची. तोंडातून लाळेच्या धारा लागल्या की औषध लागू पडलं, असं मानायचे. प्रत्यक्षात ती पाऱ्याची विषबाधा असायची. हिरड्या सडायच्या, दात गळायचे, आणि पेशंट रोगाने मेला की औषधाने हे कळायचं नाही.

पॅरासेल्ससने दोन्हींवर हल्ला चढवला. लाकडाचा काढा निरुपयोगी आणि पारा असा बेसुमार देणं म्हणजे खून, असं त्याचं म्हणणं. पारा त्याने सोडला नाही, तोही द्यायचाच. पण बेताने, मोजून. १५३० मध्ये लाइपझिगच्या वैद्यकीय प्राध्यापकांनी न्यूरेंबर्गच्या नगर परिषदेला कळवलं आणि त्याच्या पुढच्या लिखाणाच्या छपाईवर बंदी आली. ज्याची पुस्तकं छापायला मिळत नाहीत असा डॉक्टर पुन्हा रस्त्यावर आला.

याच भटकंतीत, साधारण १५३३-३४ च्या सुमारास, त्याने आल्प्सच्या खाणींकडे परत मोर्चा वळवला आणि खाणकामगारांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. एका धंद्यात काम करणाऱ्यांच्या आजारांवरचं इतकं सविस्तर, स्वतंत्र पुस्तक याआधी कुणी लिहिलं नव्हतं. त्याचे तीन भाग. पहिला खाणीत उतरणाऱ्यांच्या फुफ्फुसाच्या रोगाचा, दुसरा भट्टीवर काम करणाऱ्यांचा, तिसरा फक्त पाऱ्याचा.

खाणकामगार तरुणपणीच धापा टाकू लागतात, खंगतात आणि मरतात, हे सगळ्यांनाच दिसत होतं. कारण काय, तर डोंगरातली भुतं कोपली. जर्मन खाणींत कोबोल्ड नावाचं खोडकर भूत मानलं जायचं. एखादं खनिज चांदीसारखं दिसायचं, पण भट्टीत टाकलं की चांदी निघायची नाही, वर विषारी धूर सुटायचा. भुताने चांदी पळवली आणि हे ठेवलं, असं म्हणायचे. कोबाल्ट या धातूचं नाव त्या भुतावरूनच आलंय. निकेलचंही तेच, तेही एका सैतानी भुताचं नाव. त्या विषारी धुरात असायचं आर्सेनिक.

पॅरासेल्ससने सांगितलं की भुताची शिक्षा वगैरे काही नाही. माणूस खाणीतली हवा आत घेतो, त्या हवेत धातूंची वाफ असते, आणि दारूच्या पिंपाच्या तळाशी जसा थर साचतो तशी ती फुफ्फुसात साचत जाते. एकाच विषाचा एकदम मोठा डोस आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं, या दोन्हींचे परिणाम वेगळे असतात, हेही त्याने आर्सेनिकचं उदाहरण घेऊन मांडलं. आजच्या भाषेत ॲक्यूट आणि क्रॉनिक.

गंमत म्हणजे हाच माणूस जमिनीखाली राहणाऱ्या बुटक्या जिवांवर मनापासून विश्वास ठेवायचा. नोम हा शब्दच त्याने रूढ केला. ग्रहताऱ्यांचा शरीरावर परिणाम होतो हेही तो ठासून सांगायचा. त्याला विज्ञानाचा हिरो करून फोटोवर हार घालायचा असेल तर ही अडचण आधीच लक्षात घ्यावी.

ते पुस्तक छापलं गेलं १५६७ मध्ये. तोवर तो जाऊन २६ वर्षं झाली होती.

आता थोडं पुढे जाऊ. १८७९. जर्मनीतल्या सॅक्सनीमधलं श्नेबेर्ग. इथेही चांदीच्या जुन्या खाणी आणि इथेही कामगारांना तोच फुफ्फुसाचा रोग. हॅर्टिंग आणि हेस्से या दोन डॉक्टरांनी मेलेल्या कामगारांची शवविच्छेदनं केली आणि सिद्ध केलं की हा फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. कामगारांच्या जवळपास तीन चतुर्थांश मृत्यूंमागे तोच होता. (हा वाल्टर हेस्से म्हणजे फॅनी हेस्सेचा नवरा. जिवाणू वाढवायला स्वयंपाकघरातलं अगर-अगर वापरा, हे तिनेच सुचवलेलं. आजही जगभरच्या लॅबमध्ये तेच वापरतात.)

कॅन्सर आहे हे कळलं, पण कशामुळे? आधी संशय आर्सेनिकवर गेला. पुढे युरेनियम किरणोत्सारी आहे हे कळलं, त्यातून रेडॉन वायू निघतो हे कळलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद घालत घालत रेडॉनवर मुख्य ठपका आला. रेडॉन वायू आहे, श्वासासोबत आत जातो आणि बराचसा बाहेरही येतो. पण त्याचं विघटन होऊन पोलोनियम, शिसं, बिस्मथ असे किरणोत्सारी धातू तयार होतात. ते धुळीला चिकटतात आणि फुफ्फुसात ठाण मांडतात. याच पर्वतरांगेच्या पलीकडच्या बाजूला योआखिमस्टालची खाण आहे. तिथल्याच खनिजातून मेरी क्युरींनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं.

म्हणजे श्वासासोबत धातू आत जातो आणि साचतो, हे पॅरासेल्ससचं म्हणणं ढोबळमानाने बरोबर निघालं. पण तेवढ्यावरून त्याने कॅन्सर शोधला, असं म्हणता येत नाही. पेशी म्हणजे काय हेच तेव्हा माहीत नव्हतं. त्याने पाहिलेल्या पेशंटमध्ये दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस असणार, टीबी असणार, काहींना कॅन्सर असणार. सगळ्याला नाव एकच, खाणीचा रोग.

त्याचं अजून एक काम इथे सांगायलाच हवं. जस्ताला झिंक हे नाव त्याच्या लिखाणातून रूढ झालं असं मानतात. (राजस्थानातल्या जावरला त्याच्याही आधीपासून जस्त गाळून काढत होते, तो विषय वेगळा.) हे जस्त आपल्या शरीरात फार थोडं लागतं, पण लागतंच. डीएनए बिघडला तर तो दुरुस्त करणारी काही प्रथिनं असतात, त्यातल्या बऱ्याच प्रथिनांचा आकार जस्ताच्या अणूमुळे टिकतो. आर्सेनिक आणि कॅडमियम नेमकी ती जागा बळकावतात. जस्त बाहेर, हे आत. प्रथिनाचा आकार बिघडतो, दुरुस्तीचं काम अडतं, चुका साचत जातात. या धातूंमुळे कॅन्सरचा धोका का वाढतो, याच्या कारणांपैकी हे एक. आर्सेनिक, कॅडमियम, सहा संयुजेचं क्रोमियम, निकेलची संयुगं, बेरिलियम, हे सगळे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेले. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरलं की त्यातलं अर्धं जायलाच १० ते ३० वर्षं लागतात. रोज एक सिगरेट ओढणाऱ्याने हा हिशोब जरूर मांडावा.

१५३८ मध्ये पॅरासेल्सस फिलाखला परतला. वडील चार वर्षांपूर्वीच गेले होते, मुलाला ते बऱ्याच उशिरा कळलं. तुम्ही पेशंटला विषं देता, हा आरोप त्याच्यावर नेहमीचाच होता. त्याला उत्तर म्हणून त्याने इथे काही लेख लिहिले. त्यातला त्याचा मुद्दा पुढे जगभर गाजला. जगातली कुठलीही वस्तू विष असू शकते आणि ती विष ठरते की नाही हे मात्रेवर अवलंबून, असा त्याचा आशय. आजही टॉक्सिकॉलॉजीचा पहिला धडा इथूनच सुरू होतो.

हे लेख त्याने केर्न्टन प्रांताच्या कारभाऱ्यांना अर्पण केले. त्यांनी आभार मानले आणि छापायचं वचन दिलं. त्या प्रांताने ते वचन पाळलं १९५५ मध्ये. चारशे वर्षांहून जास्त उशीर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपल्याच नशिबी आहे असं वाटून घ्यायला नको.

मात्रेचा हा नियम आज सप्लिमेंट विकणारेही वापरतात आणि कारखानदारही. कमी मात्रा आहे, काही होत नाही, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. इथे जरा सावध राहायला हवं. डोकं दुखणं, उलट्या होणं अशा विषबाधेत एक मर्यादा असते, त्याखाली त्रास होत नाही. कॅन्सरच्या बाबतीत आर्सेनिकसारख्या घटकांसाठी अशी पूर्ण सुरक्षित मर्यादा धरता येत नाही, मात्रा कमी झाली की धोका कमी होतो, पण शून्य होत नाही, असं गृहीत धरून नियम करतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही तात्पुरती मानलेली आहे. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात ट्यूबवेलच्या पाण्यातून लोकांना वर्षानुवर्षं याहून कितीतरी जास्त आर्सेनिक मिळत राहिलं. त्वचा, फुफ्फुस, मूत्राशय या तिन्हींच्या कॅन्सरशी त्याचा संबंध पक्का आहे. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड.

आणि शरीराला लागणाऱ्या धातूंचं, मूलद्रव्यांचं काय? तिथे पॅरासेल्ससचा नियम दोन्ही बाजूंनी चावतो. आल्प्सच्या दऱ्यांतला गलगंड बघून त्याने पाण्यातल्या खनिजांवर संशय घेतला होता. रोख बरोबर, उत्तर उलटं. तिथे काही जास्त नव्हतं, आयोडीन कमी होतं. सेलेनियमचं प्रकरण याच्या बरोबर विरुद्ध. ते कॅन्सरपासून वाचवतं अशी मोठी आशा होती, म्हणून अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर चाचणी केली. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, कारण प्रोस्टेट कॅन्सर कमी झालाच नाही. नंतर असं दिसलं की ज्यांच्या शरीरात सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांना वरून गोळी दिल्यावर घातक प्रकारच्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका वाढला.

पॅरासेल्ससकडे हे मोजायला तराजू आणि डोळे, एवढंच होतं. आणि नाक. भट्टीसमोर, पाऱ्याच्या भांड्यावर वाकून त्याची हयात गेली. औषधं तो स्वतः बनवायचा.

१५४१ मध्ये तो साल्झबर्गला आला. १६ वर्षांपूर्वी जिथून निघून जावं लागलं होतं, तेच शहर. सप्टेंबरमध्ये व्हाइट हॉर्स नावाच्या सराईत त्याने मृत्युपत्र केलं आणि तीन दिवसांनी, २४ तारखेला तो वारला. वय ४७-४८. मागे फारसं काही नव्हतं. बायबल, थोडी हस्तलिखितं, औषधं. मालमत्तेतला बराचसा भाग गरिबांना. सेंट सेबास्टियनच्या दफनभूमीत त्याला गरिबांसोबत पुरलं. विरोधकांनी मारेकरी घातले, उंचावरून ढकलून दिलं, अशा अफवा नंतर शेकडो वर्षं चालल्या.

१७५२ मध्ये त्याची हाडं उकरून चर्चच्या प्रवेशद्वाराजवळच्या स्मारकात ठेवली गेली. विसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी त्या हाडांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा त्यात पाऱ्याचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. स्वतःवर केलेल्या उपचारांतून आला की भट्टीवरच्या वाफेतून, हे हाडांवरून ठरत नाही.